गावपळणीतला धूर

"आग! साहेब, आग! सडेवाडीच्या वरच्या अंगाला! धूर काळाकुट्ट! धावा, धावा!"

वायरलेसमध्ये मी इतक्या जोरात ओरडले की मनोऱ्याच्या पत्र्यावर बसलेली घार घाबरून उडाली. खाली नाक्यावर वणवा पथकाची शिट्टी वाजली, पोरं भराभर जीपमध्ये चढली, आणि माझं काळीज आनंदानं असं उड्या मारत होतं की विचारू नका. आग लागल्याचा आनंद नव्हे हो! ती सगळ्यांच्या आधी मला दिसली, याचा आनंद.

तेवढ्यात नानूकाका राऊळ शिडीवरून वर आले. त्यांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण ओढून घेतली, डोळ्यांना लावली आणि लगेच परत दिली.

"चेडवा, काजी भाजतत ती."

"कोण?"

"तुझ्याच वाडीतल्यो बायलो. बियांका त्याल सुटता, धूर काळो येता. जलमात कधी काजी भाजूक नाय तू?"

भाजल्या होत्या की! दर वर्षी भाजते. पण चुलीपुढे बसून डोळ्यांत जाणारा धूर आणि डोंगरावरून दिसणारा धूर एकच असतो, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. पथकाची पोरं हिरव्या फांद्या तोडून, धापा टाकत सडेवाडीला पोचली. बायकांनी त्यांना बसवून गरम काजूगर खायला घातले आणि वर खिसे भरून दिले. पोरं खूश. फक्त गजभिये साहेबांनी एकसुद्धा गर तोंडात टाकला नाही म्हणे. त्यावरून ते किती तापले होते ते समजा.

हे गजभिये साहेब म्हणजे आमच्या भागातले वनपाल. भंडाऱ्याकडचे. इथं बदलून आल्याला वर्षच झालं होतं.

"रतन," संध्याकाळी वायरलेसवर त्यांचा आवाज आला, "तू काय करून राहिली? परवा लग्नाच्या जीपची धूळ, आज काजू. तिसऱ्यांदा पथक फुकट पळालं, तर तू खाली. समजलं?"

"समजलं साहेब. पण ती धूळ ना, इतकी लाल होती, आणि वाऱ्यानं अशी गोल वळली, की कोणालाही—"

"रतन."

"हो साहेब."

"बटण सोड."

तर आधी मी कोण ते सांगते. ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चोवीस वर्षांची, आणि तोंडाळ म्हणून सगळीकडून हाकललेली. त्याआधी एस.टी. स्टँडवरच्या फोनबूथवर बसत होते. एक दिवस एका बाईनं मुंबईला फोन लावला, "सासूबाईंना इकडे पाठवू नका, मी अंथरुणावरून उठत नाही," म्हणाली. आणि मी काचेतून म्हणाले, "अगो, अंथरूण खयचा? आत्ता तर वडे खाय होतस!" झालं. बूथ सुटला.

मग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचलं की म्हातारकड्याच्या मनोऱ्यावर वणव्यावर नजर ठेवायला स्वयंसेवक पाहिजे. शिमग्याच्या आधीपासून पाऊस पडेपर्यंत रोज उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत वर बसायचं, धूर दिसला की कळवायचं. इतकी वर्षं हे काम नानूकाका करत होते. आता त्यांचे गुडघे गेले होते. गुडघे गेले म्हणून त्यांनी साहेबांना सांगून टाकलं होतं, माका आता जमूचा नाय, दुसरा माणूस बघा. आणि दुसरा माणूस म्हणून आले कोण, तर मी एकटी.

पहिल्या दिवशी शिडी चढून वर गेले आणि गप्प झाले. आईला सांगितलं तर तिला खोटं वाटलं. पण खरंच गप्प झाले. एका बाजूला समुद्राची चकाकती रेघ, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि मधे सगळी गावं, खाड्या, माडाची बनं, काजीच्या बागा, कातळावरचे गवताचे सडे, सगळं पायाखाली. डोकं असं गरगरलं की कठडा धरून खाली बसले. बसल्या बसल्या हसू आलं. खाली जो तो मला गप बस म्हणायचा, आणि इथं बघायला एवढं, वर सांगायला वायरलेस! देवानं ही जागा माझ्यासाठीच बांधून घेतली असणार. मला तो मनोरा हवा होता. एखाद्या पोरीला नवरा हवा असतो ना, तसा हवा होता.

नानूकाका मात्र अतिशय खडूस माणूस. बावखोलचे राऊळ, म्हणजे गावचे मानकरी. देवळात पहिला नारळ त्यांच्या घरचा. धोतर, पांढऱ्या मिशा, आणि हसणं कसलं ते माहीत नाही. शिकवायचं तेसुद्धा ओरडून.

"धूर दिसलो की आधी काय करूचा?"

"सांगूचा!"

"कपाळ तुझा! आधी बघूचा. मगे परत बघूचा. रंग बघ, बूड बघ, वारो बघ. निळो, बारीक, सरळ गेलो तर चुलीचो. पांढरो, जड, तर ओल्या पाल्याचो. पिवळो, फुगत गेलो तर गवत पेटला. तेव्हा तोंड उघड. डोळे बरे आसत तुझे, पण तोंडाक दार नाय."

एकदा मी केस विंचरायला छोटा गोल आरसा काढला. उन्हाचा झोत नेमका पायवाटेनं वर येणाऱ्या नानूकाकांच्या डोळ्यांवर पडला. अर्ध्या डोंगरावरून त्यांनी जी बोंब मारली! वर आल्यावर पुन्हा वेगळी.

"हय काय लगीन लागता तुझा? डोळे फोडतस काय माझे? खालच्या वाटेवरसून दिसता तो आरसो!"

मी आरसा पोलक्यात लपवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन आले.

एक गोष्ट मात्र मला जरा नवलाची वाटायची. गजभिये साहेब मनोऱ्यावर आले की नानूकाका शिडीच्या प्रत्येक पायरीला "आई गे" म्हणायचे. साहेब नसले की एवढं नाही ऐकू यायचं. मला वाटायचं, दुखणं काय, कधी जास्त कधी कमी.

"नानू," काजूच्या प्रकरणानंतर साहेब वर येऊन माझ्यादेखतच म्हणाले, "ही पोरगी जमली नाही, तर गुडघे असोत की नसोत, तुम्हालाच बसावं लागेल. आणखी एक वर्ष. दुसरं कोणी नाही माझ्याकडे."

नानूकाकांचा चेहरा एवढासा झाला. साहेब उतरले. बोलल्याशिवाय मला राहवेना.

"काका, काकीक कधी हय वर आणूक नाय तुमी?"

"तिका वेळ खय गावता? बावीस माणसांचा घर आमचा. ती भाकरी भाजता, मी धूर बघतंय." मग म्हणाले, "तू नीट शीक गो चेडवा. माझ्यासाठी तरी शीक."

एवढं मऊ ते आधी कधी बोलले नव्हते. मी लगेच हो म्हटलं आणि मग तासभर नीट कसं शिकणार त्याबद्दल बोलत बसले.

आता गावपळण. आमच्याकडच्या एखाद्या-दुसऱ्या गावात ही चाल आहे. दर तीन-चार वर्षांनी देव कौल देतो, आणि सगळा गाव घरंदारं तशीच सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, माळावर माडाच्या झापांच्या खोपी बांधतात, तिथंच रांधायचं, भजनं म्हणायची, फुगड्या घालायच्या, नाटकं करायची. तीन रात्री गाव देवाच्या ताब्यात. तेवढ्यात कोणी गावात पाऊल टाकायचं नाही, चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही. चौथ्या दिवशी देवानं परत कौल दिला की ढोल वाजवत घरी यायचं. ज्यानं मोडलं त्याचा मान गेला, मग तो कोणी का असेना.

त्या वर्षी बावखोलची गावपळण शिमग्याच्या तोंडावर आली.

"मी मानकरी, माका जावकच व्हया," नानूकाका म्हणाले. "हे तीन दिवस तू एकटी. साहेब म्हणतत हीच तुझी परीक्षा. काय इचारूचा असात तर आत्ताच इचार."

मी इतकं विचारलं की ते कान झाकून उतरले.

पहिल्या दिवशी दुपारी बावखोलातून ढोल वाजला आणि मी वरून सगळा गाव चालताना पाहिला. पुढं नानूकाका, हातात नारळ. मागं बायका, डोक्यावर टोपली, टोपल्यात कोंबड्या. एक म्हातारा बोकड खांद्यावर घेऊन चालला होता आणि बोकड उलट्या तोंडानं गावाकडे बघत ओरडत होता. मला इतकं हसू येत होतं! सगळं साहेबांना वायरलेसवर सांगितलं. बोकडाचंसुद्धा. साहेब म्हणाले, "बटण सोड."

गाव रिकामा झाला. कौलं, माड, विहिरी, रस्ते, सगळं जागच्या जागी, आणि माणूस एक नाही. कुत्रंसुद्धा नाही. बघताना अंगावर काटा येत होता आणि गंमतही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तसा बावखोलच्या डोंगराकडच्या कडेला धूर दिसला.

हात वायरलेसवर गेला होता माझा. तोंडही उघडलं होतं. पण तिसऱ्यांदा पथक फुकट पळालं तर मी खाली, हे आठवलं आणि तोंड तसंच उघडं ठेवून मी आधी बघितलं. निळा. मग परत बघितलं. बारीक. सरळ. माडांच्या शेंड्यापर्यंत जाऊन विरत होता.

चुलीचा! पण चूल कोणाची? रिकाम्या गावात चूल कोण पेटवणार?

दुर्बीण लावली. राऊळांचं घर. मागचं दार डोंगराकडे आहे, त्यामुळे मला मागचं अंगण सरळ दिसतं. अंगणातल्या चुलीपुढं काकी बसली होती. भागीकाकी, नानूकाकांची बायको. मी तिला बाजारात पाहिलेलं. खापरोळ्या घालत होती, तव्यावरून काढून नारळाच्या रसात सोडत होती. आणि शेजारी विळीवर बसून नारळ खवत होते ते कोण? आमचे मानकरी! ज्यांच्या हातात काल गावाचा पहिला नारळ होता, ते आज दुसरा नारळ खवत होते, आणि मधेच चिमूटभर खोबरं तोंडात टाकत होते. काकीनं हातावर चापट मारली. नानूकाका हसले. हसले हो! मिशांखाली दात असतात हे मला तेव्हा कळलं.

मी खुर्चीवरून पडायची राहिले. अख्खा मनोरा माझ्याभोवती फिरत होता. बाई गं! केवढी बातमी! उभ्या जन्मात अशी बातमी माझ्या हाती लागली नव्हती, आणि शेजारी वायरलेस!

तोच तो खरखरला.

"रतन, बावखोलावर धूर दिसून राहिला का? मला नाक्यावरून वाटून राहिलं."

"हो साहेब. चुलीचा आहे."

"गावात माणूस नाही तर चूल कुठली?"

आता बोल, रतन! नानूकाका तिथं सापडले तर देवळातला मान गेला, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आणि काकी? बावीस माणसांसमोर तिनं कसं उभं राहायचं?

"रतन! पथक पाठवू का?"

"नको साहेब. मी बघतेय ना."

"तुझ्या जबाबदारीवर?"

"माझ्या."

"काही पेटलं तर लक्षात ठेव."

बटण सोडलं. कधी नव्हे ते न सांगता सोडलं. मग त्या दोघांनी एका केळीच्या पानावर खापरोळ्या घेतल्या आणि समोरासमोर बसून खाल्ल्या. काकी एक तुकडा त्यांच्या पुढ्यात सरकवायची, ते परत तिच्याकडे सरकवायचे. हात धुतले. आणि मग... मग जे झालं ते मी आत्ता नाही सांगत. शेवटी सांगेन. मलाही जरा थांबून बघू दे की जमतं का!

झालं म्हणजे हे, की ते झाल्यावर दोघं घाईघाईनं काजीच्या बागेतल्या चोरवाटेनं व्हाळाकडे निघाली. चुलीवर काकीनं पाणी मारलेलं मी पाहिलं. पण तिसऱ्या प्रहरी आमच्याकडे खारा वारा सुटतो. तो सुटला. आणि चुलीच्या मागं, लाकडं ठेवायला सुक्या झापांची पडवी होती, तिच्या बुडातून धूर यायला लागला.

निळा नाही. पिवळा. आणि फुगत चालला.

झाप पेटली की पडवी, पडवीवरून घर, घरामागून काजीची बाग, आणि तिथून सगळा डोंगर गवतानं भरलेला, थेट माझ्या पायाखालपर्यंत. पथकाला बोलावलं तर नानूकाका उघडे पडणार. पथक रस्त्यानं यायला अर्धा तास. नानूकाका बागेत, घरापासून हाकेच्या अंतरावर, पण हाक डोंगरावरून कशी पोचणार?

आरसा!

पोलक्यातून काढला, उन्हात धरला, आणि बागेतल्या त्या दोन ठिपक्यांच्या दिशेनं हलवत सुटले. झोत कुठं पडतोय ते एवढ्या लांबून कसं कळणार? नुसती हलवत होते. डाव्या हाताचा अंगठा वायरलेसच्या बटणावर. ठरवलं, ती दोघं व्हाळाशी पोचेपर्यंत वळली नाहीत तर दाबायचं. मग मान जाऊ दे नाहीतर मनोरा जाऊ दे. घर जळू द्यायचं नाही.

"वळा हो काका," मी एकटीच ओरडत होते, "वळा! शिव्या घाला, पण वळा!"

आधी काकी वळली. तिनं डोळ्यांवर हात धरला. मग नानूकाका थांबले, वर मनोऱ्याकडे पाहिलं. आणि मग त्यांनी गावाकडे पाहिलं.

त्यानंतर ते पळाले. कसे पळाले म्हणून सांगू! धोतराचा काचा मारून, दगडांवरून, कुंपणावरून. काकी मागं. विहिरीवरून घागरी ओतल्या, पेटलेली झाप ओढून अंगणात काढली, काठीनं बडवली. धूर पिवळ्याचा पांढरा झाला, जड झाला.

"रतन!" वायरलेस ओरडला. "धूर वाढला ना! पथक निघून राहिलं!"

"थांबा साहेब! विझतोय. पांढरा झाला. बुडाशी काही नाही आता."

"विझतोय? कोण विझवून राहिलं?"

मी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरलं. अगदी खरं सांगते, असं धरून ठेवलं म्हणून ते बंद राहिलं.

"रतन?"

"विझला साहेब," मी म्हटलं, आणि बटण सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी देवानं कौल दिला. ढोल वाजत गाव परत निघाला. मी वरून सगळं बघितलं. दोनेक तासांनी गजभिये साहेब शिडी चढून वर आले.

"बोल," ते स्टुलावर बसून म्हणाले. "रिकाम्या गावात धूर. आधी चुलीचा. मग आगीचा. मग आपोआप विझला. कोण होतं?"

"सांगता येत नाही साहेब."

"दिसलं नाही, का सांगता येत नाही?"

"सांगता येत नाही."

"बोकड उलटं तोंड करून गेला हे सांगता आलं तुला. आणि हे नाही?" साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. रागात नव्हते, थकले होते. "हे बघ. जो दिसलेलं लपवतो त्याच्या भरवशावर मी जंगल ठेवू शकत नाही. काही चूक आहे माझी?"

काहीच चूक नव्हती त्यांची. मी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या उंचावर, एवढ्या उजेडात, समोर समुद्र असा चकाकतोय, आणि मी हे सगळं आता शेवटचं बघतेय. रडायलाच आलं मला.

"दुर्बीण ठेव," साहेब म्हणाले. "यंदा नानूच बसतील."

"आई गे," खालून आवाज आला.

पुन्हा "आई गे." प्रत्येक पायरीला एक, असं करत नानूकाका वर आले. अंगावर देवळात जायचं धुतलेलं धोतर, कपाळाला अंगारा. हातात डबा. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"साहेबानूं, तो धूर माझ्या घरचो."

"काय?"

"चूल माझी. आग माझ्याच झापांका लागली. मी आणि माझी घरकारीण गावात होतंव. गावपळणीत." त्यांनी डबा खाली ठेवला. "हिना दाखवल्यान म्हणान विझली. ही नसती तर घर गेला असता, डोंगर गेलो असतो. आणि हिना आमचा नाव तोंडातसून काढूक नाय. ह्या चेडवान! जिच्या तोंडात तीळ भिजणा नाय!"

साहेब स्टुलावर पुढं सरकले. "अहो, पण तुम्ही मानकरी. तुम्ही तिथं गेलात कशाला?"

नानूकाकांनी कठड्यावर हात ठेवला. खाली बावखोलात घराघरातून धूर निघत होता. निळा, बारीक, सरळ.

"लगीन होवन तीस वर्षां झाली, साहेबानूं. घरात बावीस माणसां. मी वर, ती खाली. दोघांनी एका पानार जेवूचा म्हटला तर बघूक बावीस जणा. गावपळण इली की घर रिकामा." त्यांनी खाली घराकडे बोट दाखवलं. "चार वर्षांनी एकदा. तेवढाच. देवाक ठावक आसा, देवान कधी काय म्हणूक नाय. आता तुमी काय म्हणतलास ता म्हणा."

गजभिये साहेबांचं कुटुंब भंडाऱ्याला होतं. वर्ष झालं, ते इथं एका खोलीत राहत होते, हातानं भात शिजवत होते. ते उठले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले.

"इथं वारा फार आहे," शेवटी ते म्हणाले. "कोण काय बोललं, मला नीट ऐकू आलं नाही. रतन, दुर्बीण घाल गळ्यात. उद्यापासून मनोरा तुझा."

मी ओरडले की काय केलं मला आठवत नाही. घार मात्र उडाली.

नानूकाकांनी डबा उघडला. खापरोळ्या. काकीनं सकाळी घरी पोचल्या पोचल्या पहिल्या चुलीवर केलेल्या. साहेबांनी दोन खाल्ल्या. मग बोटं चाटता चाटता एकदम म्हणाले, "पण नानू, एवढे गुडघे दुखत असताना तुम्ही माळावरून गावात चालत गेलात? आणि परत?"

नानूकाकांचा हात डब्यातच राहिला. "हळूहळू गेलंय, साहेबानूं. बसत उठत."

"रतन, तू तर बघत होतीस. फार त्रास होत होता का त्यांना चालताना?"

नानूकाकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तसं बघणं मी त्या खडूस चेहऱ्यावर आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"फार, साहेब," मी म्हटलं. "बघवत नव्हतं."

आता सांगते. नानूकाका नाहीत, काकी नाही, साहेबही कधीच बदलून गेले, म्हणून सांगते. त्या दुपारी हात धुतल्यावर काकीनं पदर खोचला. नानूकाकांनी धोतर खोचलं. दोघांनी हाताला हात घातले, पाय जुळवले, मागं झुकले, आणि त्या रिकाम्या गावात, त्या मागच्या अंगणात फुगडी घातली. साधीसुधी नाही, गरगर गरगर, काकीची वेणी सुटून मागं उडत होती, धोतराचा घोळ उडत होता, तोंडं उघडी, हसत होती दोघं, आणि ते हसणं वरपर्यंत ऐकू येत नव्हतं तरी मला येत होतं. गुडघे गेलेला माणूस हो तो! थांबली तेव्हा दोघांनाही भोवळ आलेली, एकमेकांना धरून उभी राहिली, आणि दुर्बीण डोळ्यांना लावून मी वर कठड्याला धरून उभी. पहिल्या दिवशी मनोऱ्यावर डोकं गरगरलं होतं ना, तसंच गरगरत होतं.

त्या दिवशी साहेब आधी उतरून गेले. मग नानूकाका शिडीला लागले. पहिल्या पायरीला "आई गे." दुसऱ्या पायरीला "आई गे." साहेबांची जीप वळणाआड गेली, आणि उरलेल्या पायऱ्या ते धडाधड उतरले. खाली पायवाटेच्या पहिल्या वळणावर काकी उभी होती, तीस वर्षांत पहिल्यांदा एवढ्या वर आलेली. मी दुर्बीण लावली. ती हात पुढं करत होती.

मी दुर्बीण फिरवली आणि पलीकडचा डोंगर बघायला लागले.